चावलेली पट्टी

"आधी ते यंत्र बंद कर," आई लेकीच्या सुतारकामाच्या कारखान्याच्या उंबरठ्यावरूनच म्हणाली. "मग बोलू."

लेकीने बटण दाबले. पण करवतीचे पाते पुरते थांबेपर्यंत तिने मान वर केली नाही. आईला तो उद्धटपणा वाटला. मामाने आपल्या कचेरीत भाचीसाठी जागा धरून ठेवली होती आणि आज तिला घेऊनच येते, असे आई त्याला छातीठोकपणे सांगून निघाली होती. शेजारच्या वखारीतल्या कारागिराचा हात करवतीत सापडल्याचे कानावर आल्यापासून तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

"बोटांवर पाणी सोडायचं ठरवलंयस का?"

"तुझ्या मशीनची सुई बोटातून आरपार गेली, तेव्हा मामाने तुला नाही नेलं कचेरीत!"

"सुई टोचून सोडते. करवत घेऊन जाते."

लेक हसली. आई हसली नाही. तिचा जन्म शिवणकामात गेलेला; दुसऱ्याच्या कामातली ढिलाई तिला एका नजरेत कळे. ती कारखानाभर हिंडली. वॉर्निशचे डबे घट्ट झाकलेले. तेलाची फडकी आपोआप पेट घेऊ नयेत म्हणून गोळा करून न टाकता एकेक सुटी वाळत घातलेली. जमिनीवर भुशाचा कण नाही. बोट ठेवायला जागा मिळेना, तसतशी ती अधिकच खट्टू होत गेली.

अखेर यंत्राच्या बाजूलाच तिला हवे ते सापडले. वीतभर लांबीची लाकडी पट्टी. तिचे एक टोक उंदराने कुरतडावे तसे खाचांनी भरलेले.

"हे बघ तुझं कसब!" वकिलाने पुरावा नाचवावा तशी आईने ती नाचवली. "इतक्यांदा चुकतेस, आणि म्हणे कारागीर!"

"फळी संपत आली की ती या पट्टीने पुढे ढकलायची असते, आई. पात्याजवळ पट्टी जाते. हात मागे राहतो."

आईने पट्टी खाली घेतली. एका खाचेत तिने आपली तर्जनी ठेवून पाहिली. नेमकी बसली. दुसऱ्या खाचेत बोट ठेवण्याचा तिला धीर झाला नाही. तिने लेकीचे दोन्ही हात ओढून घेतले आणि कितीतरी वेळ उलटसुलट करून पाहिले.

"मामाला काय सांगणार आहेस?" लेकीने हळूच विचारले.

आईने कोपऱ्यातले स्टूल ओढले आणि त्यावर ठाण मांडले.

"मामाचं मी बघते. ही पट्टी फार आखूड झालीय. आधी नवी कापून घे."