तांबडं बटण

पडद्यावर ‘कनेक्टिंग’ आलं, त्याच्यापुढे ठिपके पळाले आणि दहा-बारा ठिपक्यांनंतर पुन्हा तीच तांबडी ओळ आली. प्रोग्राम बोर्डात गेला नव्हता. केतकीनं मोजणं कधीच सोडलं होतं.

“फसलं,” दारातून अनिरुद्ध म्हणाला. डोक्यावर नुकते खुंट उगवलेले, हातात चहाचा रिकामा कप. “जीपनं जाणार हायेस ना उद्या? मग काहून जीव काढून राहिली, ताई?”

तिनं वायर उपसून पुन्हा खोचली. समोर अण्णांचं यंत्र उघडं पडलं होतं. महादेवाच्या देवळातला नगारा आणि घंटा आरतीच्या ठोक्याला आपोआप वाजवणारं. त्याचा सगळा जीव दोन बोटांएवढ्या एका बोर्डात. दसरा झाला की गोरेगावात आरती अर्धा तास अलीकडे येते. तेवढी वेळ बदलायची राहिली आणि अण्णा गेले. पंधरा दिवस झाले. यंत्र जुन्याच वेळेला, लोक प्रसाद खात असताना वाजत होतं.

“परवा पोरं त्याच्या तालावर नाचली,” अनिरुद्ध म्हणाला. “अण्णाच्या नगाऱ्यावर. देवळाच्या कमिटीचे संपतराव समद्यांत मला म्हणले, बाप गेला, आता त्याचा डबा बी पोचव. आजच्या आरतीला बराबर वाजलं तर वाजलं. न्हाई तर ह्ये बसवतो.” त्यानं पायानं खोका पुढे सरकवला. हिंगोलीहून आणलेलं नवं यंत्र, चिकटपट्टीसुद्धा काढलेली नव्हती. “अन् ते भंगारात.”

“तीन वायरी बदलल्या. लॅपटॉप बदलून पाहिला. प्रोग्राममध्ये चूक नाही, तो बोर्डापर्यंत पोचतच नाही.”

“तुझं इथं कवा काय पोचलं? फोन तेवढा पोचायचा.”

हे खरं होतं, म्हणून तिला जास्त लागलं. प्रोग्राम तिनंच लिहिला होता. अण्णा वर्षातून दोनदा परभणीला फोन करून वेळा सांगायचे, ती बदललेली फाइल पाठवायची. पुढचं ते आपलं आपण करतात, असं तिनं धरून चालवलं होतं.

“तू तर रोज इथं होतास,” ती म्हणाली. “एकदा तरी बघितलंस, ते कसं करायचे?”

“मी त्यांचं गू-मूत काढून राहिलो व्हतो. ह्ये बघायला येळ न्हाई भेटला.”

कोपऱ्यात आई वाती वळत होती. दोघांपैकी कुणी तिच्याकडे पाहिलं नाही.

केतकीनं बोर्ड उजेडात धरला. त्यावर तांदळाएवढी दोन बटणं. त्यातल्या एकावर मेण आणि मेणावर कुंकू, घट्ट बसलेलं. अण्णा दसऱ्याला पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर, मीटर, सगळ्याला कुंकू लावायचे. इथंही लावलं असणार. मेण आत उतरून बटण अडकलं असेल, तर बोर्ड कसा ऐकणार? तिनं आईच्या टोपलीतला कापूस ओढला, स्पिरिटमध्ये बुडवला आणि बटण नखानं खरवडून लख्ख पुसलं.

पुन्हा वायर लावली. ठिपके पळाले. तांबडी ओळ आली.

“झालं?” अनिरुद्धनं खोक्याची पट्टी फाडली.

“थांब.”

“किती थांबू? पाच वाजले.”

“ते तांबडं कुठंय?” आई म्हणाली.

दोघांनी वळून पाहिलं. ती उठून टेबलापाशी आली होती. कपाळावर मेण-कुंकवाच्या जागी कातडीचा एक फिकट गोल होता.

“पुसलं मी,” केतकी म्हणाली. “पूजेचं जुनं होतं.”

“पूजेचं न्हाई. ते म्या लावलं व्हतं.” आई बोर्डाकडेच बघत होती. “दोनातलं कोणतं, सुरवातीला मला उमगायचं न्हाई. म्हणून माझ्या डबीतलं लावलं. ह्यांचे हात कापायला लागले तवापासून, तुझं आलेलं आत जाताना म्याच दाबायची. ते दाब म्हणायचे, म्या दाबायची. सोड म्हणंपर्यंत अंगठा हालवायचा न्हाई.”

“मग इतका येळ काहून बोलली न्हाईस?” अनिरुद्ध ओरडला.

“इचारलं कुणी?”

टेबलावर तो कापसाचा बोळा पडला होता. आईनं तो उचलला, चिमटीत पिळला आणि आपल्या अंगठ्यानं दोन्ही बटणं चाचपली. एकावर थांबली. तिथं तांबडं पुन्हा उमटलं, फिकट, आणि अंगठ्यालाही लागलं.

“आई, देवळातली वस्तू हाय ती. अन् तुझ्या हाताला...”

“काय माझ्या हाताला?”

अनिरुद्धनं नजर खोक्याकडे वळवली.

“दाब,” केतकी म्हणाली.

आईनं दाबलं. ठिपके पळायला लागले. चार. पाच. सहाव्याला थांबले आणि त्यांच्या जागी आकडे आले. बारा टक्के. चाळीस. ऐंशी. शंभर. तांबडी ओळ आली नाही. बटण सुटलं की यंत्र चालू होणार होतं.

ते सुटलं नाही.

“झालं न्हवं?” अनिरुद्ध हलकेच म्हणाला. “सोड म्हण तिला.”

“तू म्हण.”

त्यानं फाडलेली पट्टी बोटाला गुंडाळली, सोडवली, पुन्हा गुंडाळली. देवळाकडून कुणीतरी त्याच्या नावानं हाक मारली. आईनं डोळे मिटले होते. अंगठ्याचं नख दाबानं पांढरं पडलं होतं, त्याच्या कडेनं तांबडं. मान जराशी तिरकी करून ती ऐकत होती.