चांदणी लावलेलं ठिकाण

“ह्यात कर्नाटक येतंय का?” विजयसिंहानं रस्ता दाखवणारं तिसरं मशीन हातात घेत विचारलं.

“सगळा देश येतोय की साहेब,” राजारामपुरीतला दुकानदार म्हणाला. “काचेला चिकटवायचं आन् आतली बाई सांगंल तसं वळायचं.”

“बेळगावचे आतले रस्ते?”

बेळगाव म्हटल्यावर संयोगितानं नवऱ्याकडं पाहिलं. पहिलं मशीन त्यानं इंग्रजीतनं बोलतं म्हणून बाजूला सारलं होतं. दुसऱ्याचा पडदा चांगला पसरट होता, पण निपाणीच्या पुढं त्याचं डोकं चालत नव्हतं. हे तिसरं हिंदीत बोलत होतं आणि त्याला बेळगावची गल्ली न् गल्ली माहीत होती.

“एकदा घातलेलं ठिकाण दर वेळी टाईप करायला लागतंय?”

“छे. चांदणी लावून ठेवायची. बटण दाबलं की निघाली गाडी.”

“म्हंजे वाटेत कुणाला विचारायला लागायचं न्हाय.”

“अजिबात न्हाय.”

“मग हेच द्या. चालवणार ह्या हाईत.”

दुकानदारानं संयोगिताकडं कौतुकानं पाहिलं. तिच्या रडारडीला न जुमानता विजयसिंहानं तिला ड्रायव्हिंग स्कूलला घातलं होतं. लायसन हातात आलं होतं, पण भाजी मंडईच्या पलीकडं तिनं एकटीनं गाडी नेली नव्हती.

खरं तर कोल्हापुरात रस्ता विचारायला मशीन कशाला लागतंय? काच खाली केली की चौघं गोळा होतात, चहाचा आग्रह करतात आणि मग डावं-उजवं सांगतात. फक्त त्याआधी एक प्रश्न ठरलेला असतो, “कुणाकडं चाललायसा, पावणं?”

आणि ते कुणाला कळू नये, अशीच विजयसिंहाची धडपड असणार, असं संयोगिताला वाटू लागलं होतं.

तो दर महिन्याला एस.टी.नं बेळगावला जायचा. गुळाच्या व्यापारासाठी, म्हणायचा. पण जाताना गुळाचा नमुना कधी बरोबर नसे, आणि आल्यावर तो न जेवताच झोपे. “तिकडच्या बाजारात कधी दिसत न्हाईत म्हणं तुमचं मालक,” असं जाऊबाई शालूबाई चारचौघांत म्हणाल्या, तेव्हा संयोगिताला मान वर करता आली नव्हती. एकदा धीर करून तिनं विचारलं होतं, “तिकडं कोण हाय का तुमचं?” तो नाही म्हणाला असता तर तिनं डोळे मिटून विश्वास ठेवला असता. तो म्हणाला, “सांगीन एक दिवस.”

मशीनमध्ये त्यानं दोन ठिकाणं घातली. एक ‘घर’, कोल्हापूरचं. दुसऱ्याला नाव नव्हतं, बेळगावच्या बाहेर नुसती चांदणी. संयोगिताला वाटलं, दोन घरांचा माणूस आणखी काय करणार.

सोमवारी सकाळी त्यानं ड्रायव्हर आकारामला सुट्टी दिली.

“त्याच्या तोंडात तीळ भिजत न्हाय. तू चालव.”

“आन् तुम्ही?”

तो शेजारच्या सीटवर जाऊन बसला. काही वर्षांपूर्वी संकेश्वराजवळ त्याची गाडी एका मोटरसायकलला लागली होती. “मिटलं,” एवढंच त्यानं घरी सांगितलं होतं. तेव्हापासून तो स्टिअरिंगला हात लावत नसे.

मागच्या सीटवर एकच पिशवी होती. त्यात त्याचे दोन शर्ट, टॉवेल आणि बीपीच्या गोळ्या. तिचं काहीच नव्हतं. कोण राहणार आणि कोण परत येणार, ते तिला कळलं. भांडावं असं फार वाटलं, पण भांडून थांबवता येईल असा हा माणूस राहिला नव्हता.

कागल गेलं, निपाणी गेलं. तवंदी घाटात तिनं गाडी दुसऱ्या गिअरवरच ठेवली. संकेश्वर आलं तसे विजयसिंहानं डोळे मिटले. तिला वाटलं, झोप लागली.

बेळगावात शिरल्यावर ‘आगे बाएँ मुड़िए’ चालू झालं. आपल्याच हातांनी आपण स्वतःला सवतीच्या दारात नेतोय, हे तिला सहन होईना. रस्ता चुकला तर बरं, म्हणून तिनं मुद्दामच एक वळण सोडलं. मशीन रागावलं नाही. क्षणभर गप्प बसलं आणि दुसरा रस्ता काढून दिला.

“चुकली तरी घेऊन येतंय बघ,” विजयसिंह म्हणाला. “जमतंय तुला.”

“मला जमवायचं न्हाय.”

“जमवायला लागंल.”

थोड्या वेळानं मशीन म्हणालं, “आप अपनी मंज़िल पर पहुँच गए हैं.”

तिनं गाडी कडेला घेतली. बाहेर बघायचं धाडस होईना. तिनं नजर स्टिअरिंगवरच ठेवली.

शेजारी विजयसिंहानं मनगटावरचं घड्याळ काढलं. मग गळ्यातली चेन. मग लग्नातली अंगठी. ती निघेना, तेव्हा त्यानं बोट तोंडात धरून ओलं केलं आणि ती पिळून काढली. सगळं त्यानं तिच्या ओटीत ठेवलं. लग्न मोडताना माणूस इतक्या शांतपणे मोडतो, याचंच तिला जास्त रडू आलं.

“परत जाताना घराचं बटण दाब,” तो म्हणाला.

“ती बाहेर येणार का मी आत जाऊ? एकदा तोंड तर बघू द्या तिचं.”

“कुणाचं?”

तिनं मान वर केली. समोर बंगला नव्हता. उंच दगडी भिंत होती, तिच्यावर काटेरी तारा होत्या. लोखंडी दरवाज्यापाशी बंदूकवाला शिपाई उभा होता आणि भिंतीच्या सावलीला बायका पिशव्या घेऊन भेटीच्या रांगेत बसल्या होत्या.

“संकेश्वरचं मिटलं नव्हतं. दर महिन्याला कोर्टात त्याचीच तारीख असायची,” विजयसिंह पिशवी उचलत म्हणाला. “आत सोनं चालत न्हाय. दोन वर्षं सांभाळ.”