आकडा खाली घेऊ का?

"सिस्टर, आकडा खाली घेऊ का? फक्त एकदा हो म्हणा!"

राकेशचा आवाज असा उसळत होता की आचलने मोबाइल कानापासून दूर धरला. सकाळची ड्युटी सुरू होऊन तिला दहा मिनिटंही झाली नव्हती. तिकडे नालवाडीत त्याच्या आईचं, सुलोचनाबाईंचं, पोटाचं डायलिसिस संपत आलं होतं आणि मशीन कोकलत होतं. पोटातलं पाणी पुरेसं बाहेर आलं नव्हतं.

"बिलकुल नाई," आचल म्हणाली. "पंच्याऐंशी टक्क्यांहून कमी पाणी बाहेर आलं की अलार्म वाजवायचा, हे डॉक्टरसाहेबांनी ठरवलं. आकडा कमी केला तर मशीन गप्प बसेल, पण पाणी पोटातच राहील."

"तीन दिवसांपासून ओरडून राह्यलं! आज बी असंच झालं तर पोटातली नळी बदलाचं ऑपरेशन म्हणते डॉक्टर. आई घाबरली जी."

आचललाही धडकी भरली. मशीन कसं लावायचं, हात कसे धुवायचे, सगळं तिनेच सुलोचना मावशींना शिकवलं होतं. नळी खराब निघू नये, एवढंच तिला वाटत होतं.

"नळी कुठं मुडपली का?"

"नाई."

"मावशीले द्या फोन. मावशी, पोट साफ होते? जेवण?"

"पोट साफ आहे. जेवण बाराच्या आत. तीन दिवसांआधीच्या आषाढ पौर्णिमेपासून अष्टशील धरलं नं मी, बुद्धाचे आठ नेम, वर्षावासाचे तीन महिने. यंदा पहिल्यांदाच जमून राह्यलं." मावशींच्या घाबरलेल्या आवाजातही अभिमान लपत नव्हता. "डॉक्टरले विचारूनच बंद केलं रातचं जेवण."

"मशीनची जागा बदलली?"

"नाई, सिस्टर," सून भावना मधेच बोलली. "पलंगाएवढ्याच उंच टेबलावर ठेवलं, तुम्ही सांगतलं तसंच."

आचलचे प्रश्न संपले. आता नळीच खराब. डॉक्टरांना फोन करण्याआधी ती जड मनाने म्हणाली, "भावना, स्क्रीनचा फोटो पाठवजो."

फोटो आला. भावनाने घाईत सगळी खोलीच टिपली होती. टेबल, टेबलावर मशीन, शेजारी पलंग. पलंगावरची चादर एकही सुरकुती न पडलेली. आणि नळी टेबलावरून उतरत गेली होती ती थेट जमिनीवर, चटईवर, पांढऱ्या साडीतल्या सुलोचनाबाईंपर्यंत.

आचल ताडकन उठली. "मावशी! खाली काऊन झोपल्या?"

"अष्टशीलात उंच बिछाना चालत नाई नं, बाई."

"अन् मशीन वर! पाणी चढणार कसं? बसवा त्यांले पलंगावर, आत्ताच्या आत्ता!"

पलीकडून मावशींची कुरकुर ऐकू आली. मग बराच वेळ मशीनची घरघर. आणि एकदम राकेश किंचाळला, "नव्वद! सिस्टर, नव्वद टक्के!"

आचलच्या डोळ्यांत पाणी आलं. गलबल्यातून मावशींचा ठाम आवाज आला.

"मग आजपासून मशीनलेही अष्टशील द्या. त्याले बी खाली झोपू द्या."