शुभहस्ते

नगराध्यक्षसाहेबांनी नारळ फोडला, तेव्हा पाणी कीबोर्डवर उडू नये म्हणून नीलांबरीने दोन्ही हात आडवे धरले. नगरपालिकेच्या जुन्या डेटाबेसमधल्या साऱ्या तक्रारी नव्या डेटा वेअरहाउसमध्ये, म्हणजे माहितीच्या एकत्रित कोठारात, आपोआप भरणारं सॉफ्टवेअर तिने बसवलं होतं. उद्घाटन धड पार पडलं, तर ती नोकरीत कायम होणार होती.

"टार्गेट डेटाबेस कोणता? माहिती कुठे भरायची?" पडद्याने विचारलं. ती नवा निवडणार, तोच फोटोग्राफरकडे पाहत साहेबांनी माउस घेऊन जुनाच निवडला.

"साहेब, थांबा—"

"यातली आधीची सगळी माहिती पुसली जाईल. चालेल?" पडद्याने पुढचं विचारलं.

"चालेल की!" म्हणत साहेबांनी बटण दाबलं. टाळ्या झाल्या.

अहवाल उमटला: प्रलंबित तक्रारी शून्य. नीलांबरीने माउस परत ओढून घेतला. साहेब मात्र चष्मा पुसून पुन्हा वाचू लागले.

"हे आमच्या वडलांनाही जमलं नव्हतं, ताई. तेही नगराध्यक्षच होते."

"साहेब, जुन्याची कॉपी आहे," ती कशीबशी म्हणाली. "संध्याकाळपर्यंत सगळ्या तक्रारी परत आणते."

साहेबांनी तिच्या हातावर पेढा ठेवला.

"आधी कायम व्हा. कायम झालेला माणूस अशी घाई करत नाही."