विरुद्धार्थी

गुलाब मॅट्रिकला इंग्रजीत नापास झाली, म्हणून १९७८ साली मोहाडीत मी तिची शिकवणी घ्यायचो. एकदा तिच्या वहीत मी 'प्रॉमिस' हे क्रियापद लिहिलं. त्याच्याच अर्थाचे तीन शब्द लिहून दिले आणि विरुद्धार्थी शब्दाची जागा कोरी सोडली. "हा तू शोध," म्हटलं.

तिनं वहीकडे पाहिलंच नाही. "आमच्या बाबाले कधी विचारता तुमी?"

"जवाहरनगरच्या फॅक्टरीत नोकरी लागू दे. दिवाळीत येतो, नक्की."

नोकरी लागली, क्वार्टरही मिळालं. पण जात वेगळी, तिच्या बाबांपुढे उभं राहायची हिंमत होईना. दिवाळीत ड्यूटीचं कारण सांगितलं. संक्रांतीलाही तेच.

उन्हाळ्यात मोहाडीला घरी आलो, तर दुसऱ्याच दिवशी तिची आई कुंताबाई दारात आली. तिला आमच्यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"बाबू, गुलाबनं हे वही देली तुह्यासाठी. म्हणे, लई शोधला, तो शब्द काही भेटला नाही."

मी दोन्ही हातांनी वही धरून ते पान उघडलं. जागा अजून कोरीच होती.



कुंताबाईनं थैलीतून आवतनाचे पिवळे तांदूळ काढले आणि माझा हात मोकळा नाही असं पाहून त्या कोऱ्या जागेवरच ठेवले. "मंगळवारी गुलाबचं लगन हाय. येजो, बाबू."