चिंचेचा भागाकार

साल २०२१, माघ महिना. राणीसावरगावच्या शिवारात दत्तराव लाकूडवाल्यांनी बांधावरच्या चिंचेला मिठी मारली. हात पुरेनात, तसे ते हसले.

"तीस हजार, मावशी. झाडावरचे चिंचेचे आकडे उतरवून घ्या, मग आरा लावतो. इसार धरा." त्यांनी आगाऊ नोटा पुढे केल्या.

धुरपताबाईंनी हात पुढे केला नाही. इसार घेतला की सौदा फिरत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होते.

"घे की माय," त्यांचा मुलगा बालाजी म्हणाला. लॉकडाऊनमध्ये पुण्याहून परतल्यापासून तो मोबाईलवर शेअरबाजार बघायचा. "ही एक साल देती, एक साल रुसती. मी बघितलेली कंपनी रोज वाढायलीय. नऊशेला एक शेअर."

"आन एका शेअरमागं कमाई किती, ते बी सांगा की," त्याची बायको शिवकन्या म्हणाली. ती सेलूची, कॉमर्स शिकलेली.

बालाजीने मोबाईल खिशात घातला. "सालाला धा रुपये."

"म्हंजे नव्वद, आत्या," ती सासूकडे वळली. "किंमत भागिले एका सालाची कमाई. त्याला पीई म्हणतात. कमाई हाय तेवढीच राहिली, तर घातलेला पैसा निघायला नव्वद सालं."

धुरपताबाई बांधावर बसल्या. "नव्वद? आन तरी लोक घेतात?"

"लय लोक घेतात. पुढं कमाई वाढंल म्हणून."

"वाढलेली कुणी बघितली?"

"कुणीच न्हाई. भरवसा."

"बाई गं!" धुरपताबाईंच्या बोलण्यात टोमणा नव्हता. देवळात नवी मूर्ती बसवताना बायका बघतात, तशा त्या लेकाच्या खिशाकडे बघत होत्या. "न बघितलेल्या सालांचे पैसे आजच मोजतात माणसं?"

मग त्यांनी खोडावर तळवा ठेवला. "हिचं सांग."

"यंदाचा बहार धा हजाराला गेला. तीस भागिले धा. तीन."

"आन गेल्या साली काय लागलं व्हतं गं हिला? पाला?"

शिवकन्येने जीभ चावली. "चुकलंच. भरलेलं एकच साल धरलं मी. दोन सालांत मिळून धा, म्हंजे सालाला पाच. तीस भागिले पाच. सहा."

"दत्तराव, माझ्या झाडाला सहाच सालं देता व्हय?"

"मावशी, मी लाकूड मोजतो. सालं मोजत बसलो तर आरा गंजंल."

बालाजीसुद्धा हसला. धुरपताबाई हसल्या नाहीत. त्या वर बघत होत्या. फांद्याफांद्यांतून आकडे लोंबत होते.

"हिला माझ्या सासूनं लावलं. तवा हिची कमाई काय व्हती?"

"शून्य, आत्या."

"मग कर भागाकार."

"होत न्हाई. शून्यानं भागता येत न्हाई."

"म्हंजे किंमतच न्हाई?"

"तसं न्हाई." शिवकन्या अडखळली. "म्हंजे... ती सांगताच येत न्हाई."

धुरपताबाईंनी खोडावरचा हात काढला नाही. "पहिला आकडा लागला तवा सासू न्हवती," त्या हळूच म्हणाल्या. "आन तरी लावली बाईनं."

दत्तरावांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग नोटा बंडीच्या खिशात परत ठेवल्या.

त्यांनी त्या साली दुसऱ्या गावची चिंच तोडली. बालाजी पुण्याला परत गेला आणि त्याने पगारातून त्याच कंपनीचे चार शेअर घेतले. ते चढले, उतरले, अजून त्याच्याकडेच आहेत. पाचवा घेण्याआधी तो बायकोला फोन करतो. शिवकन्या गंगाखेडच्या अडतीवर हिशेब बघते आणि रविवारी शेतात असते.

धुरपताबाई २०२३ च्या उन्हाळ्यात गेल्या. त्याआधी, सौदा मोडला त्याच पावसाळ्यात, त्यांनी बांधाच्या दुसऱ्या टोकाला चिंचोका पेरला होता. शेजारणी म्हणाल्या, "या वयात चिंच? लावणाऱ्याच्या तोंडात तिचा आकडा पडत नसतो."

ते झाड आता शिवकन्येच्या खांद्याला लागते. उन्हाळ्यात ती त्याला घागरीने पाणी घालते. अजून एक फूल नाही.