दुपारची शीळ

शालिग्रामनं ओठांचा चंबू केला. नुसती हवा निघाली. अंगणाच्या टोकाला भुऱ्या पाठ करून बसला होता, केळीच्या बागेकडे तोंड. त्याचा कानसुद्धा हलला नाही.

लकव्यानं म्हाताऱ्याचं तोंड एका अंगाला ओढलं, तेव्हापासून हे असंच. आधी शालिग्राम बागेच्या पलीकडच्या बांधावरून शीळ घालायचा आणि भुऱ्या केळीची पानं फाडत धावत यायचा. आता मालक अंगणात खाटेवर होता, आणि कुत्रं बागेकडे बघत त्याचीच वाट पाहत होतं.

शालिग्रामनं ताट सरकवलं. कालही सरकवलं होतं.

"खा ना वो," धुरपदाबाई म्हणाली.

"त्याच्या लेखी," तो जड जिभेनं एकेक शब्द काढत बोलला, "मी... गेलो."

शेजारची मालूबाई कुंपणावरून म्हणाली, "धुरपदा, भाकर त्याह्यच्या काखेत धर, अन् मंग घाल कुत्र्याले. घामाची भाकर खाल्लेलं कुत्रं मालकावरून नजर हटवत नाई."

धुरपदाबाईनं तेही करून पाहिलं होतं. भुऱ्यानं भाकर इमानानं तोंडात धरली, बागेच्या वाटेवर नेली, अर्धी खाल्ली आणि अर्धी तिथंच ठेवली. जणू कोणी यायचं होतं.

गावातला गिरधर लालबाग स्टेशनावरून सायकलवर परतत होता. कुंपणाशी पाय टेकून त्यानं बातमी दिली, "वैनी, पक्कं झालं. राज्याची वाटणी झाली, राजधानीचं नागपूर सुटलं. आता आपन भोपाळवाले."

"हाव का? इथं एका कुत्र्याचं तोंड फिरेना, अन् तुम्ही अख्ख्या मुलखाचं फिरवून राह्यले."

गिरधर हसत गेला. मालूबाई आत जाऊन लवंडली. दुपार पसरली. केळीची पानं हलायची थांबली, उन्हाला कापसाच्या बोंडासारखी मऊ झाक आली, आणि दूरच्या मोटेचा आवाज कोणी झोपेत बोलावं तसा येत राहिला.

धुरपदाबाई खाटेवर चढली आणि नवऱ्याच्या पाठीला पाठ लावून बसली. लहानपणी कापूस वेचताना ती शीळ घालायची. बाईमाणसाच्या शिळेनं घरात साप येतो, म्हणून आईनं ओठांना चिमटा काढला होता. मग लग्न झालं, मग पोरं झाली. साप काही आला नाही. शीळ मात्र गेली.

"तुम्ही ओठ करा," ती म्हणाली. "बाकीचं मी पाहते."

त्यानं चंबू केला. तिनं ओठ ओले केले. भाकरी थापताना इतकी वर्षं ऐकलेली ती शीळ, आधी खाली जाणारी, मग एकदम वर उडणारी. पहिल्यांदा फाटली. दुसऱ्यांदा उडाली.

भुऱ्या ताडकन उठला आणि बागेकडेच धावला. वाटेवर थबकला. आवाज पाठीमागून आला होता. तो वळला, हळूहळू खाटेपाशी आला, आणि एखाद्या अनोळखी पाहुण्याकडे बघावं तसं शालिग्रामच्या वाकड्या ओठांकडे बघू लागला. शालिग्रामनं भाकरीचा तुकडा पुढे केला. भुऱ्यानं तो तिथंच खाल्ला. उरलेली भाकरी शालिग्रामनं.

मग रोज दुपारी हेच.

"म्हातारा शीळ घालाले लागला की काय बाई!" मालूबाई म्हणाली.

"देवाची कृपा," धुरपदाबाईनं ओठांवर पदर धरला.

एकदा ती तापीवरून धुणं घेऊन आली, तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. कुंपणाशीच थांबली. अंगणात शालिग्राम एकटा होता, पाठीला उशी. त्यानं ओठांचा चंबू केला. आवाज नाही, हवासुद्धा नाही. सावलीत पडलेला भुऱ्या उठला, आळस देत आला, मालकाच्या गुडघ्यावर हनुवटी टेकली आणि त्याच्या ओठांकडे बघत राहिला.

ओल्या लुगड्यांचं पाणी धुरपदाबाईच्या कोपरावरून ठिबकत होतं. आत जायचं सोडून ती तशीच उभी राहिली. मग कुणी बघत नाहीसं पाहून तिनं ओठ ओले केले, आणि काही काम नसताना हलकेच शीळ घातली.

भुऱ्या हलला नाही.

शालिग्रामनं मान वळवली. ओठ अजून चंबू केलेलेच होते.